दिल्लीला नको, मुंबईला चालेल

१७ सप्टेंबर १९५० रोजी भारत सरकारनं इस्रायलला मान्यता दिली आणि त्या मान्यतेचं पुढं करायचं काय, हे ठरवायला एक्केचाळीस वर्षं घेतली. एवढ्या काळात दिल्लीत इस्रायलचा दूतावास झाला नाही. तेल अवीवमध्ये भारतानं साधी कचेरीही उघडली नाही. दोन देशांमध्ये जो काही सरकारी धागा होता, तो मुंबईत होता. वाणिज्य दूतावासाच्या दर्जाचं एक लहानसं कार्यालय, कार्यक्षेत्र महाराष्ट्रापुरतं. तिथल्या अधिकाऱ्याला दिल्लीत कुणी भेट दिली तर ती भेट देणाऱ्याची मेहेरबानी, मागणाऱ्याचा हक्क नव्हे.

मुंबईत परदेशी कचेऱ्यांना तोटा नाही. पण या कचेरीची वाटचाल वेगळी आहे. कागदावर तिचं काम व्हिसा, पासपोर्ट आणि व्यापाराची चौकशी एवढंच. प्रत्यक्षात एका देशाचं आपल्याकडचं सगळं अस्तित्व तिच्यावर टांगलेलं. आणि ती मुंबईत का टिकली, याचं उत्तर दिल्लीच्या फायलींपेक्षा कोकणात जास्त सापडतं.

आधी एक खुलासा. राजदूत हा एका सरकारचा दुसऱ्या सरकारकडे पाठवलेला प्रतिनिधी असतो. वाणिज्यदूताचं तसं नाही. त्याचा संबंध सरकारच्या धोरणाशी कमी, माणसांच्या कागदांशी जास्त. म्हणून दोन देशांचं बिनसलं की राजदूत माघारी जातात, वाणिज्यदूत पुष्कळदा राहतात. १९६३च्या व्हिएन्ना करारानं तर हे लिहूनच ठेवलं की राजनैतिक संबंध तुटले म्हणून वाणिज्य संबंध आपोआप तुटले असं धरायचं नाही. ज्यांना संपर्क हवा पण त्याची जाहीर कबुली नको, त्यांना ही फट फार उपयोगी पडते. कुणी तिथं वाणिज्य दूतावास बसवतो, कुणी व्यापार प्रतिनिधी, कुणी सांस्कृतिक केंद्र, कुणी नुसती ‘असोसिएशन’. पूर्व जर्मनीनं दिल्लीत १९५४ साली व्यापार प्रतिनिधींचं कार्यालय उघडलं आणि भारतानं त्या देशाला पूर्ण मान्यता दिली ती १९७२ मध्ये. मधली अठरा वर्षं ‘आम्ही फक्त यंत्रं विकतो’ असंच दोघांचं म्हणणं होतं.

इस्रायलच्या बाबतीत सुरुवात सरकारी नव्हतीच. नोव्हेंबर १९४७ मध्ये पॅलेस्टाइनच्या फाळणीच्या ठरावाविरुद्ध मत देणाऱ्या तेरा देशांत भारत होता. मे १९४९ मध्ये इस्रायलला संयुक्त राष्ट्रांत घेण्याच्या वेळीही भारतानं विरोधातच मत दिलं. त्याच काळात मुंबईत ज्यू एजन्सीचं काम चालू होतं, इस्रायलला जाऊ इच्छिणाऱ्यांची नावं, कागद, प्रवास पाहण्याचं. एफ. डब्ल्यू. पोलॅक नावाचे गृहस्थ ‘इंडिया अँड इस्रायल’ नावाचं इंग्रजी मासिक मुंबईतून काढत होते. पुढं तेच इस्रायलचे व्यापार प्रतिनिधी झाले आणि मग वाणिज्यदूताचं कामही त्यांच्याकडे आलं. संपादक, व्यापारी प्रतिनिधी, वाणिज्यदूत, असा हा एकाच माणसाचा चढता क्रम. नव्या देशाकडे माणसं कमी, पैसा कमी आणि यजमान सरकार अर्धवट राजी. अशा वेळी संस्था एका माणसाच्या बैठकीतच जन्माला येते.

मान्यतेला उशीर का झाला, याचं उत्तर नेहरूंनी लपवलं नाही. अरब मित्रांच्या भावना दुखवायच्या नव्हत्या. शिवाय काश्मीरचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांत होता, पाकिस्तान तिथं अरब देशांची मतं जमवत होता आणि फाळणीनंतर भारतात राहिलेल्या मुसलमानांच्या मनाचाही विचार होता. या कारणांना हसण्याचं काही कारण नाही. नवस्वतंत्र देशाला इतकी गणितं मांडावीच लागतात. प्रश्न पुढचा आहे. १९५२ सालच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये इस्रायलच्या परराष्ट्र खात्याचे महासंचालक वॉल्टर आयटन दिल्लीत आले, नेहरूंना भेटले आणि दूतावासांची देवाणघेवाण आता होणार अशा समजुतीनं परत गेले. निवडणुका नुकत्याच झाल्या होत्या, नवं मंत्रिमंडळ बसलं की शिक्कामोर्तब व्हायचं होतं. ते झालं नाही. मौलाना आझाद यांचा विरोध हे त्यामागचं एक कारण अभ्यासक सांगतात. सरकारनं बाहेर सांगितलेलं कारण होतं पैशांची आणि माणसांची टंचाई.

दूतावासाऐवजी मग १९५३ मध्ये मुंबईचं कार्यालय रीतसर वाणिज्य दूतावास झालं. तात्पुरती सोय म्हणून. आपल्याकडच्या तात्पुरत्या सोयींचं आयुष्य किती असतं हे मुंबईकराला वेगळं सांगायला नको.

पण मुंबईच का? दिल्लीपासून लांब म्हणून, हे खरं. बंदर, व्यापार, विमानतळ म्हणून, हेही खरं. मात्र पहिलं कारण ‘बेने इस्रायल’. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला आपले पूर्वज गलबत फुटून लागले असं सांगणारी ही मंडळी शतकानुशतकं कोकणात तेलघाणे चालवत होती. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. आडनावं पेणकर, रोहेकर, दिवेकर, किहीमकर. घरची भाषा मराठी. अठराव्या शतकात ती मुंबईला येऊ लागली, १७९६ मध्ये मांडवीला त्यांचं पहिलं प्रार्थनास्थळ उभं राहिलं. पुढं पलटणी, रेल्वे, पोस्ट, इस्पितळं, शाळा अशा नोकऱ्यांत वस्ती पसरत उमरखाडी, भायखळा, जेकब सर्कल करत कुर्ला आणि ठाण्यापर्यंत गेली. ठाण्याचं ‘शार हाशमाईम’ १८७९चं आहे. डॉ. ई. मोझेस मार्गावरून रोज हजारो लोक जातात. ते डॉक्टर एलिजा मोझेस १९३७-३८ मध्ये मुंबईचे महापौर होते, आणि बेने इस्रायल होते.

१९५१च्या जनगणनेत देशात सुमारे २६ हजार ज्यू होते, त्यातले बहुसंख्य महाराष्ट्रात. इस्रायलला या लोकांना बोलवायचं होतं. भारताला त्यांना अडवायचं नव्हतं. या एका व्यवहाराला दोन्ही सरकारांची हरकत नव्हती आणि तेवढ्यावर एक कचेरी उघडी ठेवता येत होती. परराष्ट्र धोरणाच्या पुस्तकांत या गोष्टीला दोन ओळी मिळतात. माझ्या मते ती पाया आहे. नुसत्या तत्त्वावर असलेली कचेरी एखाद्या वादळात बंद झाली असती. कुणाच्या तरी मुलीचे कागद, कुणाच्या तरी भावाचा परतीचा प्रवास, असली कामं असलेली कचेरी बंद करणं अवघड जातं.

हे स्थलांतर सुरळीत झालं नाही. तिकडे गेलेल्या काही कुटुंबांना रंगावरून वागणूक वेगळी मिळाली. १९५१ मध्ये त्यांनी तेल अवीवला धरणं धरलं, आम्हाला परत भारतात पोचवा म्हणाले. १९५२ मध्ये शंभरावर माणसं खरोखरच मुंबईला परतली. त्यांतले पुष्कळ नंतर पुन्हा गेले, हा भाग वेगळा. दहा वर्षांनी तिथल्या धर्मपीठानं बेने इस्रायलांच्या विवाहांबाबत वंशशुद्धीची चौकशी करायचं फर्मान काढलं. त्यावर जेरुसलेममध्ये १९६४च्या उन्हाळ्यात मोठं आंदोलन झालं आणि ऑगस्टमध्ये संसदेला ठराव करून सांगावं लागलं की बेने इस्रायल हे सर्व बाबतींत ज्यूच आहेत. अशा वर्षांत मुंबईच्या वाणिज्यदूताचं काम काय असेल याचा अंदाज करावा. ज्यांच्यामुळे कचेरी उभी, त्यांनाच आपल्या देशात दुजाभाव का होतो हे समजावून सांगायचं, आणि तेही दिल्लीला काही कळण्याच्या आत.

कचेरीचं दुसरं काम बोलण्याचं होतं. मात्र सरकारशी बोलायला वाव कमी, त्यामुळे ती सरकारबाहेरच्या लोकांशी बोलत असे. प्रजासमाजवादी पक्षाची मंडळी, जनसंघाची मंडळी, पत्रकार, प्राध्यापक, सहकारी चळवळीतले कार्यकर्ते. समाजवाद्यांना किबुत्झ या सामूहिक वसाहतींचं आणि कामगार संघटनांचं आकर्षण, हिंदुत्ववाद्यांना लढाऊ राष्ट्राचं. एकमेकांचं तोंड न पाहणारे दोन गट एका देशाबद्दल मात्र चांगलं बोलत, ही मुंबई-पुण्याच्या सार्वजनिक जीवनातली तेव्हाची गंमत होती. नोव्हेंबर १९५६ मध्ये आशियाई समाजवादी परिषद मुंबईत भरली, तिला इस्रायलचे माजी पंतप्रधान मोशे शारेट आले. त्याआधी दिल्लीत ते नेहरूंना भेटले, आणि नेमकी तेव्हाच इस्रायली फौज सिनाईत घुसली. सुएझच्या त्या प्रकरणानं दूतावासाची उरलीसुरली शक्यता पुढच्या कित्येक वर्षांसाठी मागे पडली. मराठी वाचकाला मात्र या देशाबद्दल कुतूहल राहिलं. ना. ह. पालकर यांचं ‘इस्रायल : छळाकडून बळाकडे’ हे पुस्तक याच काळातल्या पिढीनं वाचलं.

अर्ध्या दर्जाचे अपमान बारीकसारीक असतात आणि म्हणून जास्त बोचतात. आशियाई-आफ्रिकी देशांच्या १९५५च्या बांडुंग परिषदेचं बोलावणं इस्रायलला गेलं नाही. १९६६च्या मार्चमध्ये इस्रायलचे राष्ट्राध्यक्ष झाल्मान शझार नेपाळला जाताना कलकत्त्यात मुक्कामाला थांबले, तर त्यांचं स्वागत करायला भारत सरकारकडून कुणी फिरकलं नाही. १९७५ मध्ये झायोनवाद हा वंशवादाचा प्रकार आहे असं म्हणणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या ठरावाला भारतानं पाठिंबा दिला. त्याच वर्षी पॅलेस्टाइन मुक्ती संघटनेचं कार्यालय दिल्लीत सुरू झालं आणि १९८० मध्ये त्याला पूर्ण राजनैतिक दर्जा मिळाला. म्हणजे मान्यता दिलेल्या राज्याची मुंबईत कचेरी, आणि अजून राज्य नसलेल्या संघटनेचा दिल्लीत दूतावास. धोरण म्हणून त्याचं समर्थन करता येईल, भारताची पॅलेस्टाइनबद्दलची भूमिका स्वातंत्र्यपूर्व काळापासूनची होती. पण दर्जा ही बाब कायद्याची कमी आणि मर्जीची जास्त असते, हे या जोडीइतकं स्वच्छ दुसरीकडे दिसत नाही.

पडद्याआड याउलट चाललेलं असे. १९६२च्या चीन युद्धात नेहरूंनी इस्रायलचे पंतप्रधान बेन-गुरियन यांना लिहिलं आणि तिकडून शस्त्रं आली. १९७१ मध्येही आली. ऑगस्ट १९७७ मध्ये तर इस्रायलचे परराष्ट्रमंत्री मोशे दायान गुपचूप भारतात आले, मुंबईमार्गे दिल्लीला. डोळ्यावरच्या काळ्या पट्टीमुळे हा माणूस जगात कुठंही ओळखू येई, आणि तो सांताक्रूझला उतरून पुढं गेला तरी शहराला पत्ता नाही! पंतप्रधान मोरारजी देसाई त्यांना भेटले, आपले परराष्ट्रमंत्री वाजपेयीही होते. दायान यांना दूतावास हवा होता. मोरारजींनी नकार दिला, आणि ही भेट फुटली तर आपलं पद जाईल ही भीतीही बोलून दाखवली, असं दायान यांच्या आठवणींतून पुढं कळलं. गंमत पाहा, ज्यासाठी अधिकृत कचेरी होती ते काम हेर, शस्त्रव्यापारी आणि गुप्त पाहुणे करत होते आणि कचेरीनं मात्र व्हिसाच्या अर्जांवर शिक्के मारायचे.

सगळ्यांत कठीण प्रसंग आला १९८२ मध्ये. त्या जूनमध्ये इस्रायलनं लेबनॉनवर चढाई केली होती. मुंबईचे वाणिज्यदूत योसेफ हसीन यांनी ‘संडे ऑब्झर्व्हर’ या मुंबईच्याच साप्ताहिकाला मुलाखत दिली आणि भारताच्या पश्चिम आशिया धोरणावर तोंडसुख घेतलं. भारत अरबांची मर्जी राखण्यात पाकिस्तानशी स्पर्धा करतो, असा सूर. जूनच्या अखेरीस ती छापून आली आणि काही दिवसांत सरकारनं त्यांना देश सोडायला सांगितलं. वाणिज्यदूतानं यजमान देशाच्या धोरणावर जाहीर बोलायचं नसतं, त्यामुळे नियमानं सरकार बरोबर होतं. पण शिक्षा एका माणसावर थांबली नाही. पुढची काही वर्षं त्यांच्या जागी त्याच दर्जाचा अधिकारी येऊ दिला गेला नाही, कचेरी उपवाणिज्यदूताच्या हाती राहिली. दूतावासाच्या बाबतीत असं करायला सरकार दहा वेळा विचार करतं. अर्ध्या दर्जाच्या कचेरीला चापट मारणं स्वस्त पडतं. अशा संस्थांचा हा सगळ्यांत मोठा दोष आहे. त्या लवचिक असतात असं त्यांचे समर्थक म्हणतात, आणि ते खरंही आहे, फक्त वाकायची पाळी दर वेळी एकाच बाजूवर येते.

१९८५ मध्ये न्यूयॉर्कला राजीव गांधी आणि इस्रायलचे पंतप्रधान शिमॉन पेरेस भेटले. १९८७च्या जुलैत डेव्हिस चषकाच्या उपांत्यपूर्व सामन्यासाठी इस्रायलचा संघ दिल्लीत खेळला, त्यावरही टीका झाली, पण सामना झाला. दशकाच्या अखेरीस मुंबईत पुन्हा पूर्ण दर्जाचा वाणिज्यदूत आला, कार्यक्षेत्र केरळपर्यंत वाढलं, कारण कोचीचे ज्यू. १९९१च्या जूनमध्ये काश्मीरमध्ये इस्रायली पर्यटकांवर अतिरेक्यांनी हल्ला केला, त्या निमित्तानं दोन्ही परराष्ट्र खात्यांना एकमेकांशी थेट बोलावं लागलं. सोव्हिएत संघ कोसळला, माद्रिदला अरब आणि इस्रायली एका टेबलाशी बसले. डिसेंबर १९९१ मध्ये भारतानं झायोनवादाचा तो जुना ठराव रद्द करण्याच्या बाजूनं मत दिलं. २४ जानेवारी १९९२ रोजी चीननं इस्रायलशी संबंध जोडले आणि पाच दिवसांनी, २९ जानेवारीला, नरसिंह रावांच्या सरकारनं पूर्ण राजनैतिक संबंधांची घोषणा केली. त्याच महिन्यात पॅलेस्टाइन मुक्ती संघटनेचे अराफत दिल्लीत येऊन गेले होते. घोषणा झाली तेव्हा राव सुरक्षा परिषदेच्या शिखर बैठकीसाठी न्यूयॉर्कला जाण्याच्या बेतात होते. वेळ साधणं म्हणतात ते हे.

एका रात्रीत दिल्लीत दूतावास झाला, मुंबईची कचेरी त्याची शाखा झाली. दुय्यम झाली, पण सुटली. पेडर रोडवरच्या ‘कैलास’मधून ती नरिमन पॉइंटला गेली, तिथून लोअर परळच्या गिरणगावात उभ्या राहिलेल्या काचेच्या मनोऱ्यात. १९९२ मध्ये दोन देशांचा व्यापार सुमारे २० कोटी डॉलरचा होता आणि त्यात मुख्य माल हिरे. ऑपेरा हाउसच्या गल्ल्या आणि इस्रायलमधल्या रामत गनचं हिरेबाजाराचं संकुल यांचं नातं दिल्लीच्या परवानगीवाचून आधीपासून जमलेलं होतं. आता तोच हिरेबाजार वांद्रे-कुर्ला संकुलात, उपनगरात आला आहे. शेतीचंही तसंच. ठिबक सिंचन हा शब्द मराठी शेतकऱ्याच्या तोंडी रुळला त्यात इस्रायलचा वाटा आहे, आणि आज नागपूरला संत्र्याचं, राहुरीला डाळिंबाचं, दापोलीला हापूसचं आणि औरंगाबादला केसर आंब्याचं इस्रायली सहकार्यातलं केंद्र आहे. जे लोक गेले, ते तिकडे ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक काढतात. इस्रायलमध्ये भारतीय वंशाचे सुमारे ८५ हजार ज्यू आहेत असं आपलं परराष्ट्र खातं सांगतं. २००१च्या जनगणनेत भारतात ते पाच हजारांहूनही कमी उरले होते. कचेरीनं आपलं पहिलं काम इतकं चोख केलं की त्या कामाला माणसंच उरली नाहीत.

मुंबईची ही भूमिका संपली असं वाटत असतानाच दुसरा पाहुणा आला, आणि तो जास्त अवघड आहे. इस्रायलला निदान मान्यता होती. तैवानला तीही नाही. ३० डिसेंबर १९४९ रोजी भारतानं पेकिंगच्या, म्हणजे आजच्या बीजिंगच्या, सरकारला मान्यता दिली आणि तैवानला गेलेल्या चँग कै-शेकच्या सरकारशी असलेले संबंध संपले. त्यानंतर पंचेचाळीस वर्षं जवळपास काही नाही. १९९५ मध्ये दिल्लीत ‘तैपेई आर्थिक आणि सांस्कृतिक केंद्र’ आणि तैपेईत ‘इंडिया-तैपेई असोसिएशन’ सुरू झाली. नावं नीट वाचावीत. ‘तैवान’ हा शब्द कुठंच नाही, ‘चीन प्रजासत्ताक’ तर नाहीच, आहे ते फक्त एका शहराचं नाव. तैपेईतल्या आपल्या कार्यालयाचे पहिले प्रमुख होते विनोद खन्ना, नट नव्हेत, परराष्ट्र सेवेतले अनुभवी अधिकारी. प्रमुखाला राजदूत म्हणायचं नाही, महासंचालक म्हणायचं. व्हिसा द्यायचा, करार करायचे, पण सही ‘असोसिएशन’ आणि ‘केंद्र’ यांची.

ही युक्ती भारतानं शोधलेली नाही. जपाननं १९७२ मध्ये पेकिंगशी संबंध जोडताना तैवानसाठी एक देवाणघेवाण संस्था काढली. अमेरिकेनं १९७९ मध्ये ‘अमेरिकन इन्स्टिट्यूट इन तैवान’ काढली, कागदोपत्री ती वॉशिंग्टनमध्ये नोंदलेली बिनसरकारी, ना-नफा संस्था. तिथं जाणारा अधिकारी आधी परराष्ट्र खात्यातून वेगळा व्हायचा आणि परतल्यावर पुन्हा रुजू व्हायचा, वर्षानुवर्षं असाच रिवाज होता. चीन आणि तैवान यांनीही एकमेकांशी बोलायला अशाच दोन संस्था केल्या, १९९१ मध्ये. त्यांचे प्रमुख १९९३ मध्ये सिंगापूरला भेटले, दोघेही ‘खासगी’ गृहस्थ म्हणून. ज्यांच्यात भांडण आहे त्यांनाच हे सोंग लागतं, असं उगाच नाही.

भारत-तैवानची गाडी हळू चालली, पण थांबली नाही. २०११ मध्ये दुहेरी कर टाळण्याचा करार, २०१२ मध्ये चेन्नईत दुसरं केंद्र, २०१८ मध्ये गुंतवणुकीचा नवा करार, फेब्रुवारी २०२४ मध्ये कामगार पाठवण्याबाबतचा सामंजस्य करार. २०१०च्या सुमारास भारतानं चीनबरोबरच्या संयुक्त निवेदनांत ‘एक चीन’ हे पालुपद लिहिणं बंद केलं, पण तैवानला मान्यता द्यायचा विषय काढला नाही. चेन्नईचं केंद्र झाल्यावर भारतात येणाऱ्या तैवानी कंपन्यांतल्या सुमारे ६० टक्के दक्षिणेत गेल्या, असं तैवानच्या परराष्ट्र खात्यानं मुंबईच्या केंद्राची घोषणा करताना, जुलै २०२३ मध्ये, सांगितलं. हा आकडा मुंबईकरांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे. व्हिसा आणि कागद जवळ मिळतात तिथं कारखानदार रमतो.

तोवर महाराष्ट्राचे कागद दिल्लीच्या केंद्राकडे जात. साकीनाका, मरोळ, मुलुंड इथल्या गाळ्यांमधून तैवानी यंत्रं नवी नाहीत, मध्यम किमतीत चांगलं यंत्र म्हणून लघुउद्योजक त्यांच्याकडे वळतात. यंत्र पाहायला, माल ठरवायला तैपेईला निघालेल्या अंधेरीच्या माणसाचा अर्ज आधी हजार-बाराशे किलोमीटर उत्तरेला जाणार, ही रचना कुणाच्याच सोयीची नव्हती. १६ ऑक्टोबर २०२४ रोजी मुंबईचं केंद्र सुरू झालं. चीननं लगेच दुसऱ्या दिवशी निषेध नोंदवला, तैवानशी कुठल्याही स्वरूपाचा अधिकृत संपर्क आम्हाला मान्य नाही, असं बीजिंगहून सांगण्यात आलं. चीनचा स्वतःचा वाणिज्य दूतावास याच शहरात आहे. भारत सरकारनं फार बोलणं टाळलं. हे शहाणपणाचं झालं. अशा संस्थांच्या बाबतीत जितकं कमी बोलावं तितकं त्या जास्त काम करतात.

मात्र मुंबईतल्या दोन कचेऱ्यांची तुलना फार ताणू नये. इस्रायलची कचेरी दूतावासाच्या वाटेवरचा थांबा होती, वाट चार दशकांची निघाली एवढंच. तैपेईचं केंद्र कुठल्याच दूतावासाकडे चाललेलं नाही. चीनशी हिमालयात सीमा भिडलेली असताना कुठलाही भारतीय पंतप्रधान नजीकच्या काळात तैवानला मान्यता देईल असं मानायला जागा नाही, आणि तैवानही ती मागत नाही. त्याला हवे आहेत कारखाने, विद्यार्थी, अभियंते, कामगार. इस्रायलच्या कचेरीमागे बेने इस्रायल होते, एक अख्खा मराठी समाज. तैपेईच्या केंद्रामागे तसं कुणी नाही. त्याला आपली माणसं इथं नव्यानं जोडावी लागतील, आणि ती पेडर रोडवर सापडणार नाहीत, औद्योगिक वसाहतींत आणि तंत्रनिकेतनांत सापडतील.

इथं महाराष्ट्राच्या कारभाराबद्दल एक गोष्ट बोलायला हवी. ऑगस्ट २०१५ मध्ये तैवानच्या फॉक्सकॉननं राज्य सरकारशी पाच अब्ज डॉलरचा सामंजस्य करार केला, समारंभ झाला, छायाचित्रं छापून आली, कारखाना आला नाही. २०२२ मध्ये वेदांता-फॉक्सकॉनचा सेमीकंडक्टर प्रकल्प तळेगावला येणार म्हणता म्हणता गुजरातेत गेला, राजकारण तापलं, आणि जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉन त्यातून बाहेरच पडली. तैवानच्या पीएसएमसी या चिप कंपनीबरोबर टाटांचा ९१ हजार कोटींचा चिप प्रकल्प धोलेऱ्यात होतो आहे, त्याची पायाभरणी मार्च २०२४ मध्ये झाली, म्हणजे मुंबईचं केंद्र उघडण्याच्या सात महिने आधी. यांतल्या एकाही निर्णयात मान्यता असणं-नसणं आडवं आलं नव्हतं. जमीन, वीज, पाणी, अनुदान आणि सरकारचा शब्द, एवढ्यावरच ते ठरले. मुंबईत पाटी लागली म्हणून कारखाना तळेगावात येत नाही. तो आणायचं काम राज्याच्या उद्योग खात्याचं आहे, आणि त्याला बीजिंगची हरकत आजवर कधी आडवी आलेली नाही.